चाहत्याला मत नसतं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर चौदाव्या मिनिटाला छांगतेने सिंगापूरच्या जाळ्यात चेंडू घातला, तेव्हा भारताच्या फुटबॉलचं रुतलेलं चाक जरा हललं असं वाटलं होतं. मध्यंतराच्या तोंडावर सोंग उइ-यंग नावाच्या खेळाडूने बरोबरी केली. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला आणि पुढचा अर्धा तास आपले खेळाडू चेंडू घेऊन नुसते इकडून तिकडे फिरत राहिले. क्रमवारीत आपल्या मागे असलेल्या संघाकडून, तेही घरच्या मैदानावर, १-२ अशी हार. २०२७च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. या चषकात चोवीस संघ असतात आणि त्याआधीच्या लागोपाठ दोन चषकांना आपण पात्र ठरलो होतो. महिनाभराने ढाक्यात बांगलादेशानेही ०-१ असं हरवलं. त्यांच्याकडून आपण यापूर्वी हरलो होतो ते २००३ मध्ये.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या आमच्या वैजापुरात फुटबॉलचं वेड घेऊन बसणारी पोरं फार नाहीत. संध्याकाळी मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं. पण कॉलेजच्या कट्ट्यावर मेस्सीची आणि रोनाल्डोची जर्सी घालणारे दहा-बारा जण हमखास सापडतात, आणि त्यांतले दोन-तीन जण असेही असतात की जे मोबाइलवर भारताचा सामना शेवटपर्यंत पाहतात. सिंगापूरच्या सामन्यानंतर या दोन-तीन जणांचा संताप ऐकण्यासारखा होता. गोलरक्षकाला शिव्या झाल्या, मग बचावफळीला, मग चाळिशी ओलांडलेल्या सुनील छेत्रीला परत बोलावणाऱ्यांना, मग प्रशिक्षकाला. यादी तिथे संपली. प्रशिक्षकाला नेमणारा कोण, त्याला निवडून देणारा कोण आणि त्या निवडून देणाऱ्याला जाब विचारायची सोय कुठे आहे, इथपर्यंत बोलणं गेलंच नाही.

यात पोरांचा दोष नाही. आपल्याकडच्या क्रीडापानांवरही राग प्रशिक्षकापाशीच थांबतो. म्हणून थोडं मागे जाऊन हा सगळा हिशेब मांडावा असं वाटलं.

मागे जायचं तर वैजापूरकराला फार लांब जावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचा तालुका हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या पोलिसांचा फुटबॉल संघ, हैदराबाद सिटी पोलीस, १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकत होता. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. हेच रहीमसाहेब देशाच्या संघाचेही प्रशिक्षक होते, म्हणजे काही वर्षं तरी भारतातला सर्वोत्तम संघ आणि सर्वोत्तम प्रशिक्षक वैजापूरच्याच राज्याचे होते. गोदाकाठच्या कुणी शेतकऱ्याने याचा अभिमान बाळगल्याचं मी ऐकलेलं नाही, पण नकाशा तसंच सांगतो. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बरोबर महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम यांच्या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. हा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा गोवेकर. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. १९६२ मध्ये जकार्त्यात दक्षिण कोरियाला हरवून आशियाई सुवर्ण मिळालं. पुढच्या वर्षी रहीम कर्करोगाने गेले.

त्यानंतर जे झालं त्याला घसरण म्हणतात, पण घसरणीला निदान एक दिशा असते. आपला आलेख वर-खाली हेलकावत राहिला. फिफाच्या क्रमवारीत १९९६ मध्ये ९४वा क्रमांक मिळाला, तो आजवरचा सर्वांत वरचा. २०१५ मध्ये १७३. २०२३ मध्ये पुन्हा ९९. दोन वर्षांत १३३, आणि तिथून आणखी खाली. खेळाडूंच्या पिढ्या इतक्या भराभर बिघडत आणि सुधारत नाहीत. मधल्या काळात बदलत राहिले ते प्रशिक्षक.

क्रोएशियाचे इगॉर स्टिमॅच २०१९ मध्ये आले. २०२३ साली तिरंगी स्पर्धा, इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि सॅफ स्पर्धा असे तीन चषक मिळाले आणि त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवण्यात आला. २०२४च्या जानेवारीत कतारमधल्या आशिया चषकात भारत तीनही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने १-२ असं हरवलं. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली, तीच छेत्रीच्या निरोपाची संध्याकाळ. पुढे दोह्यात कतारचा एक गोल चेंडू रेषेबाहेर जाऊनही दिला गेला. पंचांची ती चूक होतीच, पण तिथपर्यंत वेळ येऊ देणारे आपणच. आठवडा उलटण्याच्या आत स्टिमॅच यांना काढलं. करार घाईने वाढवला होता, त्यामुळे भांडण झालं आणि सुमारे चार लाख डॉलर देऊन ते मिटवावं लागलं. तीन कोटींहून जास्त रुपये, तेही पैशांची चणचण असल्याचं रडगाणं गाणाऱ्या महासंघाच्या तिजोरीतून.

याच स्टिमॅच यांच्याबद्दल २०२३च्या सप्टेंबरात एका इंग्रजी दैनिकाने बातमी छापली होती की २०२२च्या पात्रता सामन्यांआधी ते खेळाडूंची नावं दिल्लीच्या एका ज्योतिषाला पाठवून सल्ला घेत, आणि ज्योतिषाला महासंघाकडून लाखांत पैसे दिले गेले. देशभर हसू झालं. हसू झालं ते प्रशिक्षकाचं. बिल मंजूर करणाऱ्यांची नावं आज किती चाहत्यांना आठवतात?

मग मनोलो मार्केझ. ते एकाच वेळी एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते आणि देशाचेही. अशी दुहेरी नेमणूक गल्लीतल्या मंडळाने केली असती तरी सभासदांनी प्रश्न विचारले असते. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. हाँगकाँगकडून भरपाई वेळेत पेनल्टीवर हरल्यावर काही आठवड्यांतच ते गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील आले. ऐझॉलला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणारे, मुंबईच्या मैदानांवर घडलेले. सॅव्हियो मेदेरानंतर तेरा वर्षांनी भारतीय प्रशिक्षक. सुरुवात बरी झाली, मध्य आशियाच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. त्यानंतरचं सिंगापूर आणि ढाका वर आलंच आहे.

जमील यांच्या निवडीच्या वेळचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुलै २०२५ मध्ये बातमी आली की बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक चावी यांनी भारताच्या प्रशिक्षकपदासाठी अर्ज केला आहे, पण ते परवडणार नाहीत म्हणून विचार झाला नाही. जगभर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी महासंघालाच सांगावं लागलं की चावी आणि ग्वार्दिओला यांच्या नावाने आलेले ईमेल खरे नव्हते. पुढे आलेल्या बातम्यांनुसार हा उद्योग कॉलेजात शिकणाऱ्या एका एकोणीस वर्षांच्या पोराचा होता. भारतीय फुटबॉलच्या नेतृत्वाची इतकी नेमकी परीक्षा कुठल्या लेखापरीक्षकाने घेतली नसेल.

प्रशिक्षकाला हाकलून राग शमवण्याची रीत फक्त आपली नाही. अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांचं फुटबॉल, त्यांचं ते हातात चेंडू घेऊन धावायचं, एवढ्या मोठ्या पैशांचं आहे की २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा उरलेल्या कराराचे साडेसात कोटी डॉलरहून जास्त पैसे देणं लागत होते. तिथेही चाहते सामना हरला की प्रशिक्षकाचं नाव घेतात. इतका महागडा करार लिहिणारे विद्यापीठाचे कारभारी बहुधा जागेवरच असतात. पण तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या हातात एक गोष्ट असते, देणगीचं पाकीट. ते बंद केलं की कारभारी हलतात. आपल्या चाहत्याच्या हातात काय आहे?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना १९३७ ची. प्रियरंजन दासमुन्शी १९८८ पासून वीस वर्षं अध्यक्ष होते. २००८ मध्ये ते आजारी पडले आणि सूत्रं गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांकडे आली. पटेल २००९ मध्ये रीतसर निवडून आले, नंतर दोनदा पुन्हा. मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचं, म्हणजे विफाचं, अध्यक्षपदही त्यांच्याकडे अनेक वर्षं राहिलं. पटेलांच्या काळात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक २०१७ मध्ये भारतात झाला, साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले आणि त्या वयोगटाच्या विश्वचषकाचा तो विक्रम ठरला. २०१९ मध्ये ते फिफाच्या परिषदेवर गेले, असे पहिलेच भारतीय. हे श्रेय त्यांचं त्यांना द्यायला हवं.

दुसरी बाजू अशी. २०१६ची त्यांची निवड क्रीडा संहितेला धरून नाही म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, नवी घटना लिहायला माणसं नेमली, आणि मग सगळं थांबलं. कार्यकारिणीची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, निवडणूक झाली नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी हटवून न्यायमूर्ती अनिल दवे यांच्यासह तिघांची प्रशासक समिती बसवली. त्यावर फिफाने त्रयस्थांच्या अवाजवी हस्तक्षेपाचं कारण देऊन १५ ऑगस्टला भारताला निलंबित केलं. स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीचा दिवस, हा योगायोग कुणाच्याही नजरेतून सुटला नाही. निलंबन अकरा दिवसांनी उठलं, पण तेवढ्यात गोकुळम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना एकही सामना खेळू दिला गेला नाही. विमानाने जाऊन त्या तशाच परत आल्या. कार्यकारिणीच्या मुदतीशी आणि घटनेच्या मसुद्याशी त्या मुलींचा काय संबंध होता?

२ सप्टेंबर २०२२ ची निवडणूक मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. एका बाजूला बायचुंग भुतिया, छेत्रीच्या आधी या देशाने पाहिलेला सर्वांत लोकप्रिय फुटबॉलपटू. दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे, मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे माजी गोलरक्षक आणि बंगालमधले भाजपचे नेते. चौबे ३३ मतं घेऊन विजयी, भुतियांना १. देशभरातल्या चाहत्यांना विचारलं असतं तर आकडे उलटे आले असते असं मी म्हणणार नाही, कारण मला ठाऊक नाही. पण ३३ विरुद्ध १ आले नसते एवढं नक्की. मतदार होते राज्य संघटना. प्रशासक समितीला नामवंत खेळाडूंनाही राज्यांच्या बरोबरीने मत द्यायचं होतं. फिफाने हरकत घेतली आणि ते वगळलं गेलं. म्हणजे भारतीय फुटबॉलच्या प्रमुखाची निवड तीस-पस्तीस माणसांनी केली. महाराष्ट्राच्या सगळ्या जिल्ह्यांना मिळून एक मत. ज्या प्रदेशात जेमतेम दोन मैदानं असतील त्यालाही एक. ही माणसं सांभाळली की अध्यक्षाला छांगतेच्या गोलाची आणि सोंगच्या दोन गोलांची फिकीर करायचं कारण उरत नाही. दासमुन्शी काँग्रेसचे, पटेल राष्ट्रवादीचे, चौबे भाजपचे. पक्ष बदलत गेले, मतदार तेच राहिले.

निवडून आल्यावर जानेवारी २०२३ मध्ये चौबे यांनी ‘व्हिजन २०४७’ जाहीर केलं, स्वातंत्र्याच्या शताब्दीपर्यंत आशियातल्या पहिल्या चारांत यायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात महासंघाचे सरचिटणीस काढले गेले. २०४७ अजून लांब आहे, पण वाटेतलं २०२५ वाईट गेलं. महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा ७०० कोटींचा करार केला होता. त्याच कराराच्या पोटातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग निघाली. करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे करारावर सही झाली त्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं. तरीही जुलैमध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने पुढचा हंगाम स्थगित केला तेव्हा महासंघापाशी दुसरी तयारी नव्हती. निविदा काढली, एकही बोली आली नाही. बंगळुरू एफसीने खेळाडूंचे पगार थांबवले. डिसेंबरच्या शेवटी मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने मुंबई सिटीतून अंग काढून घेतलं. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी स्वतः घोषणा केल्यावर १४ फेब्रुवारी ही लीगची तारीख ठरली. पंधरा वर्षं आधी कळलेल्या तारखेची तयारी करता आली नाही, हा दोष कुठल्या प्रशिक्षकाचा?

मुंबई सिटी निदान उभी आहे. महाराष्ट्रातल्या चाहत्याच्या कपाळी याहून वाईट लिहिलेलं आहे. १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक नव्या शतकाच्या तोंडावर बंद पडला. राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद केला. मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला. पुण्याची तर कमालच आहे. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी, दहा-बारा वर्षांत चार संघ आले आणि चारही गेले. शेवटच्याची लीगमधली जागा २०१९ मध्ये हैदराबादला मिळाली. गोव्यात २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीग सोडली, आणि त्यातला डेम्पो पाच वेळचा राष्ट्रीय विजेता होता. संघच बंद होतो तेव्हा चाहत्याने कुणावर रागवायचं? जर्सी घडी घालून कपाटात ठेवतो आणि इंग्लंडच्या एखाद्या संघाकडे वळतो. वैजापूरचा पोरगा आर्सेनलचा का होतो याचं अर्धं उत्तर इथे आहे.

चाहते अगदीच गप्प राहिले असंही नाही. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीने तीन गोल केले आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफीत काढून विनवलं की आम्हाला नावं ठेवा, शिव्या घाला, पण मैदानावर येऊन घाला. पुढचा केनियाचा सामना भरून गेला. त्या आवाहनाचं फार कौतुक झालं. मला त्यात थोडी खंतही दिसते. गोल करायचे खेळाडूने आणि प्रेक्षक जमवायचेही त्यानेच. मग तिकिटं विकायला बसलेले लोक काय करत होते?

केरळ ब्लास्टर्सच्या मंजप्पडा या चाहत्यांच्या संघटनेने २०२४-२५च्या हंगामात वेगळी वाट धरली. त्यांनी प्रशिक्षकाला सोडून क्लबच्या व्यवस्थापनाविरुद्ध मोर्चा काढला आणि आपल्याकडची तिकीटविक्री थांबवली. प्रशिक्षकाला त्याच हंगामात काढलं गेलं, म्हणजे नेहमीचा बळी दिला गेला, आणि तरीही ते थांबले नाहीत. भारतीय फुटबॉलमध्ये रागाचा पत्ता बरोबर लिहिल्याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे.

बाहेर हे अधिक रीतसर चालतं. जर्मनीत क्लबच्या निम्म्याहून जास्त मतांचा हक्क सभासदांकडेच राहावा असा नियम आहे. २०२३-२४च्या हिवाळ्यात तिथल्या लीगने बाहेरच्या गुंतवणूकदाराला हिस्सा विकायचं ठरवलं, तेव्हा चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकून सामने थांबवले, आणि फेब्रुवारीत लीगने बेत सोडला. बार्सिलोनात २०२० मध्ये वीस हजारांवर सभासदांनी अविश्वासाच्या ठरावावर सह्या केल्या आणि अध्यक्ष बार्तोमेऊ यांनी राजीनामा दिला. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदाच करून क्लबांच्या कारभारावर स्वतंत्र नियामक बसवला.

सभासदांच्या हाती सत्ता गेली की सगळं गोड होतं, या भ्रमात मराठी वाचकाने तरी राहू नये. आपण सहकारी साखर कारखाने पाहिले आहेत. सभासदांच्या मतांवर निवडून आलेल्यांनीच ते कसे बुडवले हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. बार्सिलोनाचं कर्जही सभासदांच्या डोळ्यांदेखत एक अब्ज युरोंच्या पुढे गेलं. जर्मनीत सभासदांची लोकशाही असूनही बायर्नने लागोपाठ अकरा वेळा लीग जिंकून बाकीच्यांना कंटाळा आणला. पण कारखान्याच्या सभासदाला वार्षिक सभेत उभं राहून माईक हिसकावता येतो. निदान तेवढा त्रास अध्यक्षाला होतो. भारतीय फुटबॉलच्या अध्यक्षाला तेवढाही नाही.

आणि कोल्हापूर? कोल्हापूरचं नाव न घेता महाराष्ट्रात फुटबॉलवर लिहिणं म्हणजे पाप. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघ तालमींतून आणि पेठांतून उभे राहिले. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की गाव कामधंदा सोडून जातं. विश्वचषक आला की पेठा अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटल्या जातात, चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात. हुल्लडबाजी होते, मारामाऱ्या होतात, पोलीस येतात, आणि त्याचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण या व्यवस्थेत एक गोष्ट आहे जी दिल्लीच्या फुटबॉल हाउसमध्ये नाही. तालमीचा संघ हरला तर तो चालवणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पेठेत दूध आणायला बाहेर पडतो. कट्ट्यावरचे लोक त्याला विचारतात, काल तो बदली खेळाडू का उतरवला नाही? त्याला उत्तर द्यावं लागतं. लिखित घटना नसेल, निवडणूकही कधी होत नसेल, तरी हिशेब मागितला जातो. सतरा वर्षांखालच्या त्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. पण कोल्हापूरचं वेड कोल्हापुरातच फिरत राहतं. देशाच्या लीगमध्ये कोल्हापूरचा संघ नाही, आणि महासंघाच्या निवडणुकीत कोल्हापूरच्या पेठांना मत नाही.

आमच्याकडे वैजापुरात वेडही नाही, संघही नाही. २०१७च्या विश्वचषकाआधी राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ काढलं आणि १५ सप्टेंबरला एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावं असं ठरवलं. शाळांना फुटबॉल वाटले. मुलं खेळली, फोटो निघाले. त्यानंतर तालुक्याच्या शाळांतले ते फुटबॉल कुठे गेले, हे क्रीडाशिक्षकांना विचारलं तर ते हसतात. सुब्रतो चषकाच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात, आणि ग्रामीण शाळेचा संघ बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या पायरीवर दिसतो, तिसरीवर क्वचित. कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जवळ आली की अकरा पोरं गोळा करायची. त्यात दोन कबड्डीतले, एक उंच म्हणून गोलरक्षक. किट मिळतं, प्रवासभत्ता मिळतो, सराव तेवढा होत नाही. मैदानावर उतरल्यावर कर्णधार कोण हे ठरवणारे संघ मी पाहिले आहेत. हरून आल्यावर पोरं एकमेकांवर चिडतात. मैदान वर्षभर का मिळत नाही, प्रशिक्षक का नाही, हा प्रश्न कुणी प्राचार्यांपुढे नेत नाही. देशपातळीवर जे दिसतं त्याची सवय इथेच लागते.

बदलाची एक-दोन चिन्हं दिसताहेत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये महासंघाच्या नव्या घटनेला मान्यता दिली आणि ऑक्टोबरात महासंघाने ती स्वीकारली. तिच्यानुसार सर्वसाधारण सभेत पंधरा नामवंत माजी खेळाडू येतील, त्यांत किमान पाच महिला. त्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आणि महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडूंना आणि महिलांना जागा राखून ठेवल्या. महिलांचा उल्लेख आलाच आहे तर एक नोंद करायला हवी. जुलै २०२५ मध्ये चिआंग माईत संगीता बासफोरच्या दोन गोलांनी थायलंडला हरवून भारताचा महिला संघ आशिया चषकाला पात्र ठरला, पात्रता स्पर्धा खेळून प्रथमच. पुरुष संघ मागे पडत होता त्याच वर्षी, त्याच महासंघाखाली. २०२२ मध्ये याच महिला संघाला नवी मुंबईत, घरच्या आशिया चषकातून, शिबिरात कोरोना पसरल्यामुळे माघार घ्यावी लागली होती. तेव्हाही खेळाडूंचं काही चुकलं नव्हतं.

चाहत्यांना मात्र नव्या घटनेतही जागा नाही. २०२२ मध्ये निवडून आलेल्या कार्यकारिणीची मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे. त्या निवडणुकीत राज्य संघटना मत देतील, पंधरा खेळाडू देतील, आणि महाराष्ट्राचं मत विफाचं असेल. विफा उभी आहे ती जिल्हा फुटबॉल संघटनांवर. म्हणजे दिल्लीतल्या खुर्चीपर्यंत जाणारी दोरी छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा संघटनेतूनही जाते. ती संघटना कोण चालवतं, तिची वार्षिक सभा कधी भरते, तालुक्यातल्या क्लबाला सभासद व्हायचं तर अट काय, हे कट्ट्यावरच्या त्या दोन-तीन पोरांनी अजून विचारलेलं नाही. समृद्धी महामार्गावरून संभाजीनगर तासाभराच्या अंतरावर आहे.